भरतकामाची सुरुवात कोणत्या टाक्यांपासून करावी आणि कापडाला चुण्या का पडतात

आपण ऐरोलीहून लिहिले आहे की, गेले तीन महिने व्हिडिओ पाहून आपण हाताचे भरतकाम शिकत आहात. वीसेक टाक्यांची नावे आणि कृती पाठ झाल्या आहेत, परंतु रिंग (कापड ताणून धरणारी गोल कडी) काढली की कापडाला चुण्या पडलेल्या दिसतात, धागा मध्येच पिंजारतो आणि गुंततो, आणि एका वेलीची दोन पाने कधी सारखी येत नाहीत. बहिणीचे बाळंतपण दहा आठवड्यांवर आले असून बाळाच्या झबल्यावर स्वतःच्या हाताने काही भरावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आणखी कोणते टाके शिकावेत आणि ठाण्यात वा नवी मुंबईत एखादा क्लास लावावा का, हे आपले दोन प्रश्न.

मी ठाण्यातल्या नौपाड्यात गेली सव्वीस वर्षे घरी भरतकाम शिकवते आहे, आणि आपली तक्रार वाचताना मला माझ्याकडे आलेल्या कितीतरी विद्यार्थिनींचे पहिले रुमाल आठवले. आपल्याला आज नव्या टाक्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट येत असलेल्या वीसपैकी पंधरा टाके काही आठवडे बाजूला ठेवावेत. चुण्या, गुंता आणि कमीजास्त पाने या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते. धागा किती ओढायचा आणि कुठे थांबायचे, याचा अंदाज अजून हाताला आलेला नसतो. आम्ही शिकवताना याला नुसते ‘ओढ’ म्हणतो. हा अंदाज व्हिडिओ पाहून येत नाही, कारण पडद्यावर टाक्याचा आकार दिसतो, बोटांना जाणवणारा ताण दिसत नाही. अर्थात आपण कोणत्या कापडावर काम केले, ते आधी धुतले होते का, आणि ते विणीचे होजिअरी कापड होते की हातमागावर किंवा यंत्रमागावर विणलेले सुती, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे पुढील विवेचनातले कोणते कारण आपल्याला लागू पडते, ते आपल्यालाच ताडून पाहावे लागेल.

प्रथम कापडाकडे पाहू. हातरुमालाएवढा सुती तुकडा घेऊन तो तीन दिशांनी ओढून पाहा. उभ्या धाग्याच्या दिशेने तो जवळजवळ ताणला जात नाही, आडव्या दिशेने किंचित जातो, आणि कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे उरेब ओढला, तर चांगलाच लांबतो. रिंग लावल्यावर जिथे सैल दिसेल तिथला कोपरा धरून खेचायचा, ही नवशिक्या हाताची नेहमीची सवय असते. त्या खेचण्याने कापड उरेब ताणले जाते आणि आपण त्या ताणलेल्या कापडावर वेल भरतो. संध्याकाळी रिंग सोडली की कापड आपल्या मूळ आकाराला परत जाते, मात्र त्यात अडकलेला धागा लांबच राहतो किंवा कापडाला आपल्याबरोबर आवळतो. म्हणून कापड नेहमी उभ्या आणि आडव्या धाग्याच्याच दिशेने, समोरासमोरच्या दोन बाजू धरून, थोडे थोडे ताणावे. आतल्या कडीला जुन्या सुती साडीची अर्ध्या इंचाची पट्टी गुंडाळून टाचून घेतली तर कापड घसरत नाही आणि वारंवार ओढावे लागत नाही. कापडावर टिचकी मारल्यावर ताशासारखा नाही तरी निदान टप् असा आवाज यावा. पाच किंवा सहा इंचांची लाकडी रिंग सुरुवातीला पुरते, आणि काम थांबवताना ती दररोज काढून ठेवावी, कारण रात्रभर राहिलेल्या रिंगचा वळ पुढे इस्त्रीनेही लवकर जात नाही.

इथेच एक बारीक गोष्ट आहे, जी मी प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी दाखवते. टाका घालण्याच्या दोन रीती आहेत. कापड हातात मोकळे धरले असेल तर सुई एकाच हालचालीत खाली घालून पुढे वर काढता येते, म्हणजे आपण कापड सुईवर उचलतो. कापड रिंगमध्ये घट्ट असेल तर मात्र सुई सरळ खाली टोचावी, पूर्ण ओढून घ्यावी आणि मग खालून वर टोचावी. अनेक जणी घट्ट रिंगमध्ये उचलण्याच्या रीतीने काम करू पाहतात, त्यासाठी कापड नकळत सैल करत जातात, आणि सैल कापडावर ओढ मात्र घट्ट कापडाची ठेवतात. आपल्या चुण्यांचे कारण पहिल्या फटक्यात ओळखायला मला सांगितले, तर मी हेच सांगेन. रिंग लावायची असेल तर वर-खाली टोचण्याची सवय लावावी. सुरुवातीला ते संथ वाटते, परंतु सात-आठ दिवसांत एक हात कापडाच्या वर आणि दुसरा खाली राहू लागतो आणि वेग आपोआप येतो.

आता धाग्याविषयी. आपल्याकडे बायका ज्याला सवयीने ‘रेशीम’ म्हणतात, तो भरतकामाचा धागा बहुधा सुतीच असतो आणि त्यात सहा पदर असतात. लडी साधारणपणे आठ मीटरची येते, म्हणजे एकेका पदराने मोजले तर अठ्ठेचाळीस मीटर आणि दोन पदरांनी काम केले तर चोवीस मीटर धागा एका लडीत मिळतो. तेव्हा लांबच लांब धागा ओवून काही वाचत नाही. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, एवढाच धागा कापावा. प्रत्येक टाक्याला धागा कापडातून घासला जातो, त्यामुळे लांब धाग्याचा सुईजवळचा भाग शेवटचा टाका येईपर्यंत पन्नास वेळा घासून पिंजारलेला असतो. सहा पदरांतून दोन एकदम खेचू नयेत. एक पदर सावकाश वेगळा काढावा, दुसरा काढावा, मग दोन्ही शेजारी धरून ओवावेत. असे केल्याने पदर एकमेकांवर सपाट बसतात आणि पान भरीव दिसते. गुंत्याचे दुसरे कारण पीळ. टाके घालताना सुई बोटांत थोडी थोडी फिरते आणि धाग्याला पीळ चढतो किंवा उलगडतो. दर दहा-बारा टाक्यांनी कापड उलटे धरून सुई खाली लोंबती सोडली, तर ती स्वतःभोवती फिरून पीळ काढून टाकते. सुई सात किंवा आठ नंबरची, लांब नेढ्याची घ्यावी. नंबर वाढेल तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवावे. जाड सुईने पडलेले भोक बारीक धाग्याने भरत नाही आणि टाका सैल दिसतो.

काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मोर भरलेला रुमाल आणला होता. मोर सुंदर होता, फक्त मानेखाली कापड आत ओढले गेले होते, आणि तिने तिथे तीनदा इस्त्री केली होती. मी रुमाल उलटा केला. मागच्या बाजूने निळा धागा मानेवरून पिसाऱ्यापर्यंत तीन बोटांची उडी मारून गेला होता, आणि पुढची चुणी नेमकी त्या उडीच्या जागी होती. तिने तेवढा धागा कापला, दोन्ही टोके मागच्या टाक्यांखालून ओवून घेतली, आणि कापड तिथल्या तिथे मोकळे झाले. तेव्हापासून मी कोणाचेही काम आधी उलट बाजूनेच पाहते. आपणही आपला शेवटचा नमुना उलटा करून पाहा. एका बोटाच्या रुंदीपेक्षा लांब उडी दिसली तर धागा तिथेच संपवून नवा सुरू करावा, असा माझा नियम आहे.

उलट बाजूला आपल्या देशातल्या जुन्या भरतकामांनीही मोठा मान दिला आहे. धारवाडकडच्या कसुतीत गाठ मारत नाहीत. तिच्या गवंती टाक्यात धावदोऱ्याने पुढे जायचे आणि परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या, त्यामुळे इरकली साडीवरची ती नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पंजाबची फुलकारी तर उलट बाजूने धागे मोजूनच भरली जाते. आपण त्या पातळीला लगेच पोहोचावे असे नाही, पण मागची बाजू लपवायची नसते, ती वाचायची असते, एवढे त्यांच्याकडून पहिल्या महिन्यातच घेता येते.

आता टाक्यांचा क्रम. मी शिकवताना धावदोरा, उलटी टीप (एकेक टाका मागे घेत पुढे जाणारी सलग ओळ), देठाचा टाका, साखळी आणि काज टाका या क्रमाने जाते, आणि सॅटिन म्हणजे भरीव टाका मुद्दाम शेवटी ठेवते. या क्रमाला कारण आहे. उलटी टीप घातलेले कापड मागून पाहिले तर तिथे देठाच्या टाक्यासारखी एकमेकांवर चढलेली ओळ दिसते. देठाचा टाका नीट घातला, म्हणजे प्रत्येक वेळी सुई आधीच्या टाक्याच्या टोकाशी वर काढली, तर त्याच्या मागे उलट्या टिपेसारखे सलग छोटे टाके दिसतात. साखळीच्या मागेही तशीच सलग ओळ असते. म्हणजे हे तीन टाके वरून वेगळे भासले तरी एकाच हालचालीची रूपे आहेत, आणि एकाची लांबी हातात बसली की उरलेल्या दोघांचे अर्धे काम झालेले असते. काज टाका साखळीच्याच तत्त्वावर चालतो, कारण दोन्हींत धाग्याचा वेढा सुईखाली धरायचा असतो. फ्रेंच नॉट, गव्हाचा टाका, जाळीचे प्रकार हे सगळे यानंतर सहज येतात. सुरुवातीलाच शिकले तर हात प्रत्येक वेळी नव्या कृतीत गुंततो आणि ओढीकडे लक्ष जात नाही.

सरावासाठी मांजरपाट किंवा केसमेंट या साध्या सुती कापडाचा तुकडा घ्यावा. मांजरपाटाला खळ असते, म्हणून तो आधी धुऊन वाळवून इस्त्री करावा. पेन्सिलीने रेघ मारण्याऐवजी कापडातला एक आडवा धागा ओढून काढला, तर अगदी सरळ अशी बारीक फट दिसते आणि डोळ्याला आधार मिळतो. घरात चौकड्यांचा जुना सुती टॉवेल किंवा लुंगी असेल तर तेही चालेल. त्या फटीवरून उलट्या टिपेची दहा सेंटिमीटरची ओळ घाला, एका सेंटिमीटरात तीन टाके बसतील अशा बेताने. ओढताना धागा कापडातून सरकतानाचा बारीक खसखसता आवाज ऐका. तो थांबला आणि धागा कापडावर टेकला की हात थांबवायचा, त्यापुढे एक केसभरही नाही. प्रत्येक टाक्यानंतर डाव्या अंगठ्याने ओळीवरून एकदा हलकेच हात फिरवावा. अंगठ्याला कापड उंचसखल लागले तर ओढ जास्त झाली, आणि धागाच उचलून आला तर कमी झाली. अशा रोज दोन ओळी, वीस मिनिटांत होतात. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची ही वीस मिनिटे हाताला अधिक शिकवतात, हा माझा अनुभव आहे. आपण डावखुऱ्या असाल तर हे सर्व आरशातल्यासारखे उलट्या दिशेने करावे, उजव्या हाताची दिशा बळेच पाळू नये.

साखळीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण पाने कमीजास्त येण्याची तक्रार सुट्या साखळीतूनच, म्हणजे साखळीच्या एकेकट्या कडीतूनच, येते. सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकात किंवा त्याला अगदी लागून परत घालायची, टाक्याच्या लांबीइतकी पुढे वर काढायची, आणि धाग्याचा वेढा सुईखाली घेऊन ओढायचे. वेढा गोलसर राहील इतकेच ओढले तर पान होते, जास्त ओढले तर त्याची नुसती रेघ होते. पुष्कळ जणी पानाची लांबी डोळ्यांनी मोजतात आणि रुंदी नशिबावर सोडतात. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या दोन टोकांवर पेन्सिलीचे दोन ठिपके द्यावेत, आणि ओढताना वेढ्याच्या आत दुसऱ्या एका सुईचे टोक आडवे धरून त्याच्यावर वेढा टेकू द्यावा. दहाव्या पानापासून त्या दुसऱ्या सुईची गरज लागत नाही.

इथवरचे थोडक्यात असे: कापड उरेब ताणू नये, घट्ट रिंगमध्ये वर-खाली टोचावे, ४५ सेंटिमीटरचा धागा घ्यावा, मागे लांब उड्या मारू नयेत, आणि पाच टाक्यांवर तीन आठवडे थांबावे. यातले एखादे आपण आधीच पाळत असाल तर आपले कारण उरलेल्यांत शोधावे.

बाळाच्या कपड्याविषयी मी आपल्याला एक वेगळे सुचवते. झबल्याऐवजी दुपटे घ्यावे. झबल्याचे कापड बहुधा मलमलीचे, विरळ आणि हलके असते, त्यावर नवशिक्या हाताच्या चुण्या सर्वांत आधी दिसतात. शिवाय भरतकामाची उलट बाजू थेट बाळाच्या कातडीला लागते, आणि दोन-तीन महिन्यांत झबले आखूड होते. दुपटे दुहेरी असते. वरच्या थराच्या एका कोपऱ्यात आधी भरून घ्यावे आणि मग खाली आजीच्या जुन्या मऊ सुती साडीचा थर जोडावा, म्हणजे गाठी आणि टोके दोन थरांच्या मध्ये झाकली जातात. दोन्ही थर एकत्र धरण्यासाठी आपल्या गोधडीला घालतात तसे धावदोरे घालावेत. जो टाका आपण पहिल्या आठवड्यात शिकाल, तोच इथे सर्वांत जास्त कामाला येईल. कडेला काज टाका घालावा. कोपऱ्यात एक छोटी वेल पुरे: देठ देठाच्या टाक्याने, पाने सुट्या साखळीची, पाच पाकळ्यांची दोन फुलेही सुट्या साखळीचीच. लांब भरीव टाके घालू नयेत, त्यांत बाळाची नखे अडकतात. मणी, टिकल्या आणि जर यांना बाळाच्या वस्तूंवर अजिबात जागा देऊ नये, कारण तुटलेला मणी थेट तोंडात जातो.

नक्षी उतरवण्यासाठी सकाळच्या उजेडात खिडकीच्या काचेवर कागद आणि त्यावर कापड चिकटवून हलक्या पेन्सिलीने गिरवणे सर्वांत निर्धोक. पाण्याने जाणाऱ्या पेनाने गिरवलेत तर ती रेघ पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती कायमची बसू शकते. सुरुवातीला गाठ नको असेल तर एकच पदर दुप्पट लांबीचा घेऊन मधोमध दुमडावा आणि दोन्ही टोके नेढ्यात ओवावीत. पहिला टाका घालून सुई मागे आली की ती दुमडीच्या फासातून काढली म्हणजे धागा गाठीशिवाय अडकतो. शेवटी मागच्या चार-पाच टाक्यांखालून धागा ओवून कापावा. दुपटे वारंवार धुतले जाणार असल्याने मी तिथे एक बारीकशी उलटी टीपही घालते.

धाग्याच्या रंगाची परीक्षा मात्र कधीही टाळू नका. माझ्या थोरल्या मुलीच्या बारशासाठी मी पांढऱ्या दुपट्यावर लाल धाग्याने कमळे भरली होती, आणि पहिल्याच धुण्यात कमळांच्या भोवतीचे पांढरे गुलाबी झाले. त्या दुपट्यावर महिनाभर मेहनत केली होती, म्हणून अजून त्याची हळहळ वाटते. आता मी प्रत्येक गडद धाग्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडाच्या घडीत ठेवते आणि वरून गरम इस्त्री दाबते. घडी उघडल्यावर डाग दिसला तर तो धागा बाळाच्या कामाला घेत नाही. लाल, मरून आणि गडद निळ्यावर विशेष लक्ष ठेवावे. कधी रंग उतरलाच तर कापड वाळू देऊ नये, इस्त्री तर नाहीच. थंड वाहत्या पाण्याखाली धरून ठेवावे.

क्लासचे म्हणाल तर ते आपल्या हातावर आणि आपल्या सोयीवर अवलंबून आहे. वर सांगितलेला सराव तीन आठवडे करून उलट बाजूत फरक दिसू लागला, तर क्लासची घाई नाही. फरक दिसला नाही तर कोणीतरी शेजारी बसून आपला हात पाहणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी ऐरोलीहून ठाण्याला येणे काही लांब नाही. चौकशी करताना एक गोष्ट आवर्जून विचारा. पाटीवर ‘एम्ब्रॉयडरी’ लिहिलेले असले तरी आत आरीचे किंवा मशीनवरचे काम शिकवत असतील. आरीत आकड्यासारख्या टोकाच्या सुईने खालचा धागा वर खेचून साखळी घालतात, कापड चौकटीवर ताणलेले असते, आणि ब्लाउजवरच्या कामासाठी ते फार उपयोगी आहे. पण आपल्याला हवे असलेले सुईचे काम त्याहून वेगळे आहे. जिथे शिकायचे तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीचा नमुना मागून उलटा करून पाहावा, त्यावरून शिकवण्याची कल्पना येते. आपल्या इमारतीत पूर्वी शाळेच्या शिवणाच्या तासाला नमुन्यांची वही केलेल्या एखाद्या आजी असतील, तर मी त्यांच्याकडे चार दुपारी बसायला आधी सांगेन.

आपले काम पावसाळ्यात होणार असेल तर अजून एक सांगणे भाग आहे. खाडीकाठच्या आपल्या हवेत सुई लवकर गंजते आणि पांढऱ्या कापडावर गंजाचा डाग पडला तर तो साध्या धुण्याने निघत नाही. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नये, लोकरीच्या तुकड्यात किंवा कोरड्या डबीत ठेवावी. हाताला घाम येत असेल तर दर थोड्या वेळाने हात धुऊन कोरडे करावेत. इस्त्री करताना जाड टॉवेलवर भरतकाम पालथे ठेवून मागून इस्त्री फिरवावी, म्हणजे टाके दबत नाहीत.

आणि दुपट्याचे काम काढताना पहिल्या दिवशी किती सुया आणि टाचण्या घेतल्या ते वहीत लिहून ठेवा. दोन थर जोडण्यापूर्वी त्या मोजा, आणि दुपटे धुऊन बहिणीच्या हाती देण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत ते दुपटे बाळाजवळ जाता कामा नये.